औषधाचं उद्यापन

“...मग माई, एवढं एकच सांगा. या पोरीच्या रक्तात जे जागं झालं, ते हिच्या सोमवारांनी झालं की माझ्या औषधानं?”

डॉक्टर मिहिर कोतपल्लीवार विचारत होते. अजून ते बसलेही नव्हते.

माई वाती वळत होत्या. त्यांनी मानेनंच चटई दाखवली.

“आधी बसा, डॉक्टरबापू. उभ्यानं विचारलेल्याचं उत्तर मला सुचत नाही.”

डॉक्टर बसले.

अनुसयामाईंची मठी वैनगंगेच्या काठी आहे. मठी म्हणजे तरी काय, एक ओसरी, एक चुलीची खोली आणि बाळकृष्णाचा एवढासा गाभारा. माईंना पंचाहत्तरावं सरलं. त्यांच्याकडे गंडा नाही, दोरा नाही, अंगारा नाही. आसपासच्या बायका व्रताची पोथी समजून घ्यायला येतात, अडलंनडलं विचारतात आणि जाताना मन हलकं करून जातात.

डॉक्टरांच्या मागे खांबाला टेकून सुमित्रा भांडेकर बसली होती. डोक्यावर पदर, नजर जमिनीकडे. तिच्या मांडीला चिकटून तिची अकरा वर्षांची रेवती. प्रश्न होता तो या पोरीचाच.

माईंनी कापसाचा पेळू रेवतीकडे सरकवला. वळ म्हणाल्या नाहीत. नुसता सरकवला.

रेवतीला सिकलसेल आहे, जन्मापासूनचा. या दुखण्यात रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नसांत अडकून बसतात. मग हातापायांत अशा कळा येतात की पोर गुडघे पोटाशी घेऊन पडून राहते आणि आईनं नुसतं बघत बसायचं. वर्षातली निम्मी शाळा तिची अशीच जायची.

मागच्या चैत्रात डॉक्टरांनी तिला रोजची एक गोळी सुरू केली. लगेच काही दिसलं नाही. आषाढात त्यांनी मात्रा वाढवली. श्रावण लागला तसे सुमित्रेनं सोळा सोमवार धरले. उपास, पूजा, कहाणी... एकही सोमवार चुकला नाही.

आणि दिवाळीत रेवती अंगणात फुगडी खेळली.

सुमित्रा दारात उभी राहून बघत होती. फुगडी संपली तरी ती तिथंच उभी होती म्हणे. तिला आत जाववेना.

कार्तिकातल्या सतराव्या सोमवारी तिनं रीतसर उद्यापन केलं. चुरम्याचे तीन भाग केले, एक देवाला, एक लोकांना, एक घरच्यांना. मग तिनं आणखी एक गोष्ट केली. ज्यासाठी व्रत धरलं ते झालं, म्हणून व्रताचं उद्यापन. मग गोळ्याही ज्यासाठी धरल्या ते झालंच की. तिनं उरलेल्या गोळ्यांची पाकिटं पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं, बेलाचं पान ठेवलं, हात जोडले, आणि निर्माल्यासोबत नदीत शिरवली.

तिनं गोळ्या फेकल्या नव्हत्या, हो. मान देऊन निरोप दिला होता.

कोणाला सांगायचं तिच्या मनातही आलं नाही. लपवण्यासारखं तिच्या लेखी त्यात काही नव्हतंच.

मग दर महिन्याच्या तपासणीलाही ती गेली नाही. माघात रक्ताची तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांना कळलं. ते खूप बोलले. तुम्हा लोकांना सांगून उपयोग नाही, असंही बोलले. सुमित्रेनं सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाली, देवानं बरं केल्यावर परत गोळी द्यायची म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं जी. माई म्हणतील तर देईन.

म्हणून रविवारी दुपार कलल्यावर डॉक्टर दोघींना आपल्या गाडीत घालून चाळीस किलोमीटर आले होते. रागातच आले होते, आणि सुमित्रेचं ते बोलणं शब्दाला शब्द माईंना उभ्याउभ्याच सांगून झालं होतं.

“जागं झालं म्हणता,” माई म्हणाल्या, “म्हणजे झोपलेलं काय होतं?”

हा प्रश्न डॉक्टरांच्या आवडीचा निघाला. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत त्यांनी सहा वर्षं हेच केलं होतं. ते सांगू लागले आणि त्यांचा आवाजच बदलला.

बाळ पोटात असतं तेव्हा त्याचं रक्त वेगळं असतं, ते म्हणाले. त्या रक्ताच्या पेशी वाकड्या होत नाहीत. जन्मल्यावर काही महिन्यांत शरीर ते रक्त बनवणं हळूहळू सोडून देतं आणि मोठ्यांचं रक्त बनवायला लागतं. रेवतीची खोट आहे ती त्या मोठ्यांच्या रक्तात. पण पोटातल्या रक्ताची कृती शरीर पुसून टाकत नाही. ती पेशीच्या आत, जनुकात, तशीच लिहिलेली राहते. फक्त तिच्यावर बारीक बारीक रासायनिक खुणा बसतात आणि ती मिटून जाते.

“बरणीच्या तोंडाला फडकं बांधावं तसं?” माईंनी विचारलं.

डॉक्टर थांबले. तसंच, म्हणाले.

मग औषध काय करतं ते त्यांनी सांगितलं. औषध पेशीपर्यंत पोचलं की आत एक सांगावा निघतो. तो या हातातून त्या हातात, त्या हातातून पुढच्या हातात, असा करत सगळ्यात आतल्या खोलीत जातो. तिथं फडक्याची गाठ सैल होते आणि मिटलेली कृती पुन्हा वाचली जाते. कोणती गाठ कोणत्या रसायनानं सुटते, हेच ते सहा वर्षं शोधत होते.

“सगळ्या गाठी कळल्या?”

“...नाही. अजून पुष्कळ कळायचंय.”

“बरं.”

माईंच्या हातातली वात थांबली होती. त्यांनी सुमित्रेकडे पाहिलं, मग रेवतीकडे.

“म्हणजे ही हिच्या पोटात होती तेव्हाचं जे रक्त... ते पोरीत अजून आहे?”

“त्याची कृती आहे.”

“हरवली नाही?”

“नाही. तुमच्यातही आहे, माई. माझ्यातही.”

माईंनी हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले होते. डॉक्टरांना वाटलं आपल्यालाच जोडले, म्हणून ते घाईनं असू द्या, असू द्या म्हणाले.

“आणि गाठ एकदा सुटली, की सुटली?”

तसं नसतं, डॉक्टरांनी सांगितलं. रक्त रोज नवं बनतं. नवी पेशी आली की तिला नव्यानं सांगावं लागतं. दोन-तीन महिने सांगावा गेला नाही की सगळं पुन्हा झोपतं.

“रोज उठवायचं तर.”

“रोज.”

“हं...”

माई पुन्हा वाती वळू लागल्या.

डॉक्टरांनी वाट पाहिली. मग ते म्हणाले, आता तुम्ही हिला माझ्यासमोर सांगा की गुण औषधानं आला, सोमवारांनी नाही. मी उठवलंय ते, माई. हे बघा. त्यांनी बॅगेतून कागद काढला. ते पोटातलं रक्त बावीस टक्क्यांवर आणलं होतं, आता नऊवर उतरलंय.

माईंनी कागद हातात घेतला नाही.

“आणि बोटं?” त्यांनी विचारलं.

“बोटं?”

“पोरीची.”

रेवतीसमोर तीन वाती पडल्या होत्या. तिसरी अर्धीच होती. उजवा हात तिनं फ्रॉकच्या घेराखाली लपवला होता.

डॉक्टर उठले, तिच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि तो हात हलकेच बाहेर काढला. बोटं सुजली होती. पेरावर नुसता अंगठा टेकला तर पोरीनं ओठ आत घेतले.

कधीपासून, त्यांनी विचारलं.

“संक्रांतीपासून.”

“सांगितलं का नाहीस?”

रेवती आईकडे बघेना. खालीच बघत म्हणाली,

“आईचं व्रत खोटं पडलं असतं.”



सुमित्रेच्या डोक्यावरचा पदर घसरला होता, तो सावरायचंही तिला सुचलं नाही. डॉक्टरांच्या हातात कागद तसाच होता. चाळीस किलोमीटर ही पोर मागच्या सीटवर बसून आली होती आणि सगळ्या वाटेत त्यांनी तिच्या आकड्याचीच गोष्ट केली होती.

त्यांनी ताप पाहिला. नव्हता. छाती तपासली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. दुखण्यावरचं औषध दिलं, भरपूर पाणी पाजा म्हणाले. सुमित्रेनं चुलीवर पाणी तापवलं आणि कापडाच्या घडीनं लेकीची बोटं शेकू लागली. शेकता शेकता मध्येच तिचा हात थांबे.

“माई,” ती म्हणाली, “गोळी दिली तर देवाला खोटं पाडल्यावाणी होते. नाही दिली तर...” तिनं लेकीच्या बोटांकडे पाहिलं. “मी काय करू?”

डॉक्टरांनी माईंकडे पाहिलं. हीच वेळ आहे, असं त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं.

माईंनी वाती गोळा करून डबीत भरल्या.

“आज मुक्काम करा,” त्या म्हणाल्या. “हात असा सुजलेला असताना पोरीला पुन्हा त्या खड्ड्यांतून नेऊ नका.”

डॉक्टरांना सकाळचा दवाखाना होता. ते तसं म्हणालेही. पण खड्ड्यांचं खरं होतं. त्यांनी फोन करून कळवलं आणि राहिले.

दिवेलागण झाली. पिठलंभात झाला. माईंनी बाळकृष्णाला छोट्याशा पलंगावर निजवलं, अंगावर बोटभर रजई घातली आणि गाभाऱ्याचं दार ओढून घेतलं. सुमित्रेनं पाळणा म्हटला. नेहमीपेक्षा तिचा आवाज बारीक होता.

पहाटे ती सगळ्यांच्या आधी उठली. विहिरीवर नाहून आली. मठीत बारा महिने काकडा असतो. तुपात भिजवलेली कापडाची जाड वात पेटवायची, भूपाळी म्हणायची, देवाला उठवायचं, मग लोण्याचा गोळा दाखवायचा. सुमित्रा घरीही आपल्या देव्हाऱ्यातल्या देवांना उठवल्याशिवाय पाण्याची घागर उचलत नाही. लग्न होऊन आली त्या दिवसापासूनचा तिचा नेम आहे.

तिनं काकड्याची वात तुपात बुडवली आणि गाभाऱ्यापाशी आली.

दार बंद होतं.

माई उंबऱ्याशी बसल्या होत्या. हातात बशी होती. बशीत चहा.

देव उठायच्या आधी माईंनी कधी पाण्याचा घोट घेतलेला कोणी पाहिला नव्हता. सुमित्रेला वाटलं, बरं नसेल. ती बाजूला उभी राहिली.

माईंनी फुंकर घातली. एक घोट घेतला.

पूर्वेला उजाडू लागलं. नदीवर धुकं होतं, त्यात कोळ्याच्या डोंग्याचं एक टोक दिसू लागलं. सुमित्रेच्या हातावरून तूप ओघळून मनगटापर्यंत आलं.

“माई... देव उठवाचे ना?”

“काल उठवले होते की.”

सुमित्रेला आधी कळलंच नाही. ती थोडं हसली. माई हसल्या नाहीत.

“ते काल, माई.”

“हो. काल चांगले उठले होते. डोळे उघडे होते. लोणी खाल्लं, दिवसभर छान हसत बसले होते. बघितलंस ना तू?”

“बघितलं.”

“मग झालं तर.” माईंनी बशी खाली ठेवली. “एकदा उठलेल्याला आज परत उठवायचं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं, सुमित्रे.”

धुक्यातून वल्ह्याचा आवाज आला... थांबला.

सुमित्रा बंद दाराकडे बघत राहिली. पुष्कळ वेळ बघत राहिली. मग तिनं ती वात जपून तबकात ठेवली, हात पदराला पुसले आणि ओसरीवर आली.

रेवती जागी होती. उजवा हात उशीवर ठेवून छताकडे बघत पडली होती. सुमित्रेनं तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि त्याला आपला गाल लावला. व्रत खोटं पडत नाही गं माय, ती म्हणाली, दुखलं की सांगत जा. मग बाकी काय काय म्हणाली ते लेकीच्या केसांतच राहिलं.

डॉक्टर खांबाशी चूळ भरत होते. ती त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. तीर्थ घ्यायला करतात तशी तिनं उजव्या हाताची ओंजळ केली, खाली डावा हात धरला.

“साहेब, गोळी द्या.”

रक्ताची तपासणी झालेली होतीच. डॉक्टरांनी बॅगेतून पाकीट काढलं. किती, केव्हा, दर महिन्याला तपासणी कशी, सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी सावकाश सांगितलं.

“याचं उद्यापन नसते ना जी?” तिनं विचारलं.

डॉक्टर काहीतरी मोठं सांगणार होते. मग नुसतं म्हणाले,

“नाही, ताई.”

इतक्या महिन्यांत त्यांनी तिला पहिल्यांदाच ताई म्हटलं होतं.

सुमित्रेनं पाकीट कपाळाला लावलं. देवाच्या दाराकडे वळून हात जोडले, मग डॉक्टरांना जोडले, मग नदीलाही जोडले. नदीकडे बघून म्हणाली, त्या दिवशी चुकून तुला दिल्या गं बाई, पोटात घे. बोलताना ती रडत होती आणि हसतही होती. रेवतीनं गोळी घेतली, वर तांब्याभर पाणी प्याली, आणि लोणी कधी मिळणार म्हणून विचारलं.

तेव्हा माई उठल्या. त्यांनी काकडा उचलला आणि डॉक्टरांपुढे धरला.

डॉक्टर मागे सरले. मी देवाधर्मातला नाही, त्यांनी सांगितलं. मला भूपाळी येत नाही.

“औषधाला तरी कुठं येते?” माई म्हणाल्या.

डॉक्टरांनी माईंकडे पाहिलं. हातातल्या काकड्याकडे पाहिलं... आणि काडी ओढली.

सुमित्रेनं भूपाळी धरली. माईंनी दार उघडलं, रजई बाजूला केली. डॉक्टर काकडा धरून उभे होते. ज्योत उंच धरायची की खाली, ते त्यांना कळत नव्हतं. रेवतीनं डाव्या हातानं त्यांचं कोपर थोडं वर केलं.

लोणी वाटून झालं. रेवतीनं आपलं चाटलं, मग आईच्या हातावरचंही चाटलं. सुमित्रा गाडीत पाण्याची बाटली भरून ठेवायला गेली.

डॉक्टर निघता निघता उंबऱ्याशी रेंगाळले. काल आल्या आल्या विचारलेला प्रश्न त्यांनी पुन्हा काढला नाही. बूट घातले, एक नाडी बांधली, दुसरी तशीच ठेवली.

“माई, एक विचारू? रागावू नका.”

“विचारा.”

“देव खरंच झोपतात का?”

“छे,” माई म्हणाल्या. “ते कुठले झोपतात.”

डॉक्टर दुसरी नाडी बांधायला वाकले.

“मग रोज पहाटे तुम्ही उठवता कोणाला?”

माईंनी लोण्याची रिकामी वाटी उचलली. गाडीपाशी सुमित्रा बाटलीचं झाकण दोनदा घट्ट करून बघत होती, मग लेकीच्या मांडीवर शाल घालत होती...

“उठवायला जी उठते, तिला.”